नरवाईचा धूर

इंदूरहून हरद्याकडे जाणारा रस्ता कन्नोद, खातेगाव मागे टाकून नेमावरला नर्मदेपाशी येतो. अलीकडच्या काठावर सिद्धनाथाचे प्राचीन देवालय, पलीकडे हंडिया. नर्मदेचा प्रवाह येथे निम्म्यावर येतो, म्हणून या जागेस तिचे नाभिस्थान म्हणतात. नोकरीच्या निमित्ताने या मार्गाने मी कैक वर्षे ये-जा करीत आलो आहे. पहिल्याच एप्रिलमध्ये, दिवेलागणीनंतर बस पुलावर आली, तेव्हा दूरवर काळोखात अग्नीच्या बारीक, वाकड्या रेषा सरकताना दिसल्या. मला क्षणभर कोण्या देवस्थानचा दीपोत्सवच वाटला. शेजारचा प्रवासी जांभई देत म्हणाला, "नरवाई जल रही है, मास्साब."

गहू कापल्यावर शेतात उभी राहणारी धसकटे म्हणजे नरवाई. पूर्वी मजूर विळ्याने जमिनीलगत कापणी करीत. काडाचा भुसा होई आणि तो बैलांच्या दावणीत जाई. जाळण्याजोगे शेतात फारसे उरतच नसे. आता पंजाबातून हार्वेस्टर येतात, ओंब्या खुडून नेतात आणि वीतभर उंच धसकट मागे ठेवतात. त्या भुशाची वाट पाहणारे बैलही बहुतेक गोठ्यांतून नाहीसे झाले आहेत.

परंतु यंत्रावरच सारा दोष टाकणे योग्य होणार नाही. हरदा आणि होशंगाबाद (2022 पासून याचे नाव नर्मदापुरम) या जिल्ह्यांत तवा धरणाच्या कालव्यांतून उन्हाळी मुगासाठी पाणी सुटते. मूग साठ-पासष्ट दिवसांचे पीक. मृगाच्या सरींपूर्वी ते घरात यावयास हवे. गव्हाची कापणी आणि मुगाची पेरणी यांच्यामध्ये शेतकऱ्याच्या हाती जेमतेम आठ-दहा दिवस असतात. एका काडीने शेत रातोरात मोकळे होते. त्याबरोबर मातीतील गांडुळे, टिटवीने ढेकळांत घातलेली अंडी आणि काडातला नत्र व गंधकही जातो, हे शेतकरी जाणत नाही असे मुळीच नाही.

आमच्या सरकारी शाळांचे नवे सत्र 1 एप्रिलला, म्हणजे ऐन या दिवसांत सुरू होते. सकाळी मुले प्रार्थनेस उभी राहिली की पांढऱ्या सदऱ्यांवर काजळीचे ठिपके दिसू लागतात. रात्री जमिनीलगतची हवा निवते व स्थिर होते. धूर वर न चढता गावावरच पसरून राहतो. दुपारी ऊन तापले, वारा सुटला की तो उंच जाऊन पांगतो. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये थंड हवेचे हे झाकण दिवसाही नीट उघडत नाही, म्हणून पंजाब-हरियाणातील परालीच्या धुराचा एवढा बोलबाला होतो. आमचा चैत्रातला धूर दुपारपर्यंत नाहीसा होतो, आणि त्याची बातमीही! वास्तविक 2024 च्या भाताच्या हंगामात, उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या संख्येत मध्य प्रदेशाने पंजाबलाही मागे टाकले होते.

या धुरातील सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते नाकात अडत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या तळाशी आणि तेथून रक्तात उतरतात. सहावीच्या वर्गातील दम्याने आजारी असलेली एक मुलगी दर वर्षी या पंधरवड्यात गैरहजर असे. तिच्या वडिलांची सात एकर जमीन. त्यांस समजवावे म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. विज्ञानाचा पाठ सोबत नेला होता. तो तसाच परत आणावा लागला.

"मास्साब," ते म्हणाले, "पोरीची धाप मी रात्रभर ऐकतो. तुम्ही काय सांगणार? पण भाड्याने मशीन घ्यावे तर ते आधी मोठ्यांच्या शेतांत जाते. माझी पाळी येईतो कालवा आटतो. आणि मी नाही लावली तरी शेजारची आग बांध ओलांडून येतेच."

पुढे शासनाने 1 मे 2025 पासून कडक नियम केला: नरवाई जाळणाऱ्यास वर्षभर किसान कल्याण योजनेचे पैसे नाहीत आणि हमीभावाने खरेदीही नाही. नियम झाला, पण मशीन गावात वेळेवर येण्याचा प्रश्न जागच्या जागीच राहिला.

या वर्षी त्यांनी दोन शेजाऱ्यांसह वर्गणी करून हॅपी सीडर आणविला. तीन एकरांत उभ्या धसकटांतूनच मूग पेरला. काड जमिनीवर पांघरुणासारखे राहिल्याने ओल टिकली, आणि हिरवे कोंब मी स्वतः पाहून आलो. उरलेले चार एकर काळे होते. बांधावरचा पळस एका अंगाने फुललेला, दुसऱ्या अंगाने करपलेला.

मुलगी पहिले चार दिवस शाळेत आली. पाचव्या दिवशी आली नाही. आदल्या रात्री पलीकडच्या शिवारात आग होती.