रॉकरची टिकटिक

आमच्या मळमड्डीच्या घरात सकाळ दोन आवाजांनी उजाडायची. आधी धारवाड स्टेशनातल्या मीटरगेज गाडीची शिटी, मग अंगणातल्या आंब्याखाली अण्णांच्या शेव्हरोलेची टिकटिक. १९४७ची फ्लीटमास्टर. ओळीने सहा सिलिंडर, २१६ घन इंच, म्हणजे साडेतीन लिटरचं इंजिन. झाकणाखाली बारा रॉकर खालीवर होत. आजी म्हणायची, गाडीत कुणीतरी शिवणयंत्र लपवलंय. टिकटिक एकसारखी असली की अण्णा निवांत चहा घेत. मध्येच एखादी टक् मोठ्याने वाजली की कप तसाच राही.

मी शाळेत असताना एका पावसाळ्यात तेलपट्टीवर तेलाऐवजी दुधाळ साय आली. हेडला तडा गेला होता आणि पाणी तेलात उतरत होतं. नवं हेड आणायचं कुठून? शिवडीला १९२८पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली भारतातला गाशा गुंडाळला होता, आणि परदेशी मालावर निर्बंध होते. तेव्हा निवड म्हणजे कॅटलॉग नव्हे, हुबळीचं भंगार. अण्णा आणि मिस्त्री वीस किलोमीटरवर जाऊन जुन्या गाड्यांची तीन हेडं टेम्पोत घालून घेऊन आले. सोबत पोतंभर रॉकर.

पुढचा सगळा दिवस मी आंब्याखाली बसून होतो. मिस्त्रीने हेडं सोड्याच्या पाण्याने धुतली, वाळवली, त्यांवर रॉकेल ओतलं, थोड्या वेळाने फडक्याने कोरडी पुसली आणि वर खडू घासला. खडू माझा होता, केई बोर्डाच्या शाळेतून खिशात घालून आणलेला. घटकाभराने पहिल्या हेडाच्या पांढऱ्या अंगावर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. दुसऱ्यावरही तेच. तिसरं कोरडं राहिलं, पण पट्टी आडवी ठेवल्यावर मधोमध सिगारेटचा कागद खालून सहज सरकला. म्हणजे हेड वाकलेलं. त्याचं फेसिंग करणं, म्हणजे तळ घासून सपाट करणं, भाग होतं.

अण्णांना वाटलं, घासतोच आहोत तर आणखी थोडं घासावं, कॉम्प्रेशन वाढेल, गाडी नरेंद्रचा चढ हसत चढेल. मिस्त्रीने मान हलवली. "मोदल काल नोड्री अण्णा, आमेल तली." आधी पाय बघा, मग डोकं. २१६च्या कनेक्टिंग रॉडांना आतून बॅबिट ओतलेलं असतं, आणि त्यांना तेल मिळतं ते रॉडाच्या तळाच्या पळीने उसळलेलं. वरून जोर वाढवला की तो मऊ धातू आधी बोलतो. कागद सरकणं थांबेल इतकंच घासलं गेलं.

रॉकर निवडायला त्याला फक्त नख लागलं. व्हॉल्व्हवर टेकणाऱ्या टोकावरून नख फिरवायचं. खाचेत अडकलं की रॉकर बाजूला. मग शाफ्टवर घालून हलवायचा. खडखडला की तोही बाजूला. पोत्यातून बारा निघायला दुपार झाली. शाफ्टला तेल मधून मिळतं आणि दोन्ही टोकांकडे जातं, त्यामुळे भोक बुजलं की टोकाचे रॉकर आधी कोरडे पडतात. ती भोकं त्याने सायकलच्या स्पोकने साफ केली. शेवटी इंजिन गरम करून, चालू ठेवूनच रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीत फिलर गेज घातला: इनटेकला सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, एक्झॉस्टला तेरा. संध्याकाळी अण्णा चहाला बसले.

आता आंबा नाही, अंगण नाही. चार मजली इमारतीच्या खांबांमध्ये गाडी उभी आहे. मीटरगेजही गेली. अण्णांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली, आणि रॉकरही पुन्हा झिजले. पुण्याचा भाचा फोनवर चित्रं दाखवतो. "मामा, हे घ्या, ८४८चं हेड, कॉम्प्रेशन जास्त." नव्या रॉकरांचा संच शाफ्टसकट घरपोच. पैसे आणि कस्टम ड्यूटी भरायची तयारी असली की झालं. पण ८४८ हे नंतरच्या २३५ घन इंची इंजिनाच्या कुळातलं. त्याचा बोअर ३ ९/१६ इंच, आमचा साडेतीन. १९५४पासून २३५च्या सगळ्या इंजिनांत बेअरिंगांना दाबाखाली तेल मिळू लागलं, म्हणून त्यांचे पाय ते डोकं पेलतात. आमचे पेलणार नाहीत. मी रॉकर मागवले, हेड तेच ठेवलं.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीच्या काळी नव्हती. तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला गादीसारखं जपायचं. २०००पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. ओतीव लोखंडाची एक्झॉस्ट सीट आता हळूहळू खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो, तेरा थाऊचे दहा होतात, मग पाच. टिकटिक कमी होते आणि मालक खूश होतो, की गाडी काय गुळगुळीत चाललीय! फट पुरती मिटली की व्हॉल्व्ह बसत नाही आणि जळतो. अण्णा आवाज वाढला की घाबरत. मी कमी झाला की घाबरतो.

२०२१च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. त्यामुळे पुष्कळांच्या गॅरेजातली ताडपत्री आता निघेल. तुमचीही निघाली, तर जास्त ताकदीचं हेड शोधत बसू नका. आहे तेच खडूने तपासा, त्यात एक्झॉस्टच्या कडक सीटा बसवून घ्या, आणि टिकटिक ऐकू येईल एवढी फट राहू द्या.