शब्दाला भ्यायचे कशाला?

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. ऑफिस सुटले की आम्ही तेथे जाऊन बसतो. आम्ही कॉमर्सचे पदवीधर, विज्ञान शिकविण्याचा आव आणत नाही. पण मुलांजवळ बसल्यावर एक गोष्ट सारखी दिसते. गणिताला न भिणारी पोरे विज्ञानातल्या इंग्रजी शब्दांना भितात. घरी आईबापांना तो शब्द ठाऊक नसतो, शिकवणीला पैसा नसतो. मग शब्द घोकला जातो आणि परीक्षा संपली की पुसला जातो. भीती तेवढी शिल्लक राहते. दहावीनंतर हुशार मुलगी म्हणते, "काका, सायन्स आपल्याला नाही झेपायचं." 'हे तुमचे काम नव्हे' असे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ऐकविले. तेच आपल्या लेकीच्या तोंडी आले की काळजात चर्र होते.

म्हणून आम्ही एक साधा उपाय धरला आहे. मोठ्या शब्दकोशात शब्दाचे मूळ दिलेले असते, ते मुलांना शोधायला लावायचे. मूळ सापडले की मुले हसू लागतात, कारण पुष्कळ शब्दांच्या पोटात जुन्या विद्वानांची चूक लपलेली असते.

आपल्या घराघरांत ठाऊक असलेला मलेरिया घ्या. हा इटालियन शब्द. अर्थ 'वाईट हवा'. दलदलीजवळ राहणाऱ्यांना ताप येई, म्हणून तिथल्या कुबट हवेला दोष दिला गेला. 1880 साली लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात या तापाचा परजीवी पाहिला. 1897 साली रोनाल्ड रॉसने आपल्याच देशात, सिकंदराबादला, तो डासाच्या पोटात शोधून काढला. हवा निर्दोष सुटली. नाव मात्र तेच राहिले. आता नावावर विश्वास ठेवणारा खिडक्या बंद करील. शोध समजलेला माणूस पिंप झाकील, टाकी झाकील, कारण शहरात मलेरियाचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो.

ऑक्सिजनचेही तसेच. हा शब्द ग्रीक मुळांवरून केलेला. अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नाव दिले. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. मिठापासून काढलेल्या एका आम्लाला त्या काळी म्युरिॲटिक ॲसिड म्हणत. 'म्युरिया' म्हणजे लॅटिनमध्ये खारे पाणी. तेच आजचे हायड्रोक्लोरिक ॲसिड. फरशी-संडास धुण्याच्या ॲसिडात बहुधा हेच असते. 1810 च्या सुमारास इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने दाखविले, की या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही! लाव्हाझिए मोठाच राहिला, पण मोठा म्हणून त्याची चूक कोणी पूजेला लावली नाही. केवळ ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. विज्ञानाची वाट हीच आहे.

तिसरा शब्द व्हॅक्सिन. लॅटिनमध्ये 'व्हॅक्का' म्हणजे गाय. हे ऐकून कोणी गोमातेचा चमत्कार सांगू लागेल, म्हणून खरी हकिगत मुलांना सांगितलीच पाहिजे. इंग्लंडच्या खेड्यांत गायीच्या सडांवर फोड येत. दूध काढणाऱ्या बायकांच्या हातांवर ते उठत. पण त्यांना पुढे देवीचा रोग होत नसे, असा लोकांचा अनुभव होता. 1796 साली एडवर्ड जेन्नरने अशाच एका बाईच्या हातावरच्या फोडातील लस एका मुलाला टोचून तो अनुभव तपासला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी राबणाऱ्या बायांचे ज्ञान आहे. पुढे 1881 साली लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ हा शब्द सर्वच लसींना लावला.

आपल्याकडे मात्र त्या रोगाचेच नाव 'देवी'! देवीचा कोप म्हणून नवस झाले, अंगारे झाले, आणि लेकरे मेली. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. तो नवसाने गेला नाही, सुईने गेला.

मग चुकीचे शब्द टाकून द्यावेत काय? आम्हाला वाटते, सगळे नव्हे. ऑक्सिजनला नावाने इजा होत नाही. पण माणसाला होते. इंग्रजीत मनोरुग्णाला 'लुनॅटिक' म्हणत; मूळ शब्द 'लुना', म्हणजे चंद्र. चंद्राच्या कलांनी वेड लागते ही जुनी समजूत. आपल्या देशात 1912 चा कायदा याच नावाचा होता. 1987 च्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि 'मानसिक आरोग्य' हे शब्द आले. 2017 च्या कायद्यातही तेच आहेत. आजारी माणसाच्या कपाळावरचा शिक्का पुसणे हेही उपचाराइतकेच गरजेचे आहे.

ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' या नावाला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला. तो शब्दासाठीचा हट्ट नव्हता. दुसऱ्याने दिलेल्या नावाबरोबर दुसऱ्याने ठरविलेली जागाही पत्करावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हा आयाबायांनो, बंधूंनो, घरात एक शब्दकोश अवश्य ठेवा. जुन्या बाजारातला, फाटका असला तरी चालेल. पोराने अवघड शब्द विचारला तर "आम्हाला काय कळतंय" म्हणून त्याला उठवू नका. "आण ते पुस्तक, बघू या मिळून," एवढेच म्हणा. वाचता येत नसेल तर त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका. हे शब्द घडविणारी माणसेही चुकली होती, हे ज्या लेकराला कळले, ते शब्दाला भिणार नाही. आणि शब्दाला न भिणाऱ्या मुलीला 'सायन्स तुझे काम नव्हे' असे पुन्हा कोणी सांगू शकणार नाही.