आधी विचारा, मग वाकवा

वर्ध्याला लागूनच आमची नालवाडी. संध्याकाळी साडेचारला माझ्या पुढच्या खोलीत दहा-बारा जणी सतरंज्या घेऊन जमतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे कुरकुरणारे, तर कुणी नुसतीच 'तासभर घरातून सुटका' म्हणून येणारी. त्यांची मी योगाच्या वर्गातली बाई. पण मी लहानपणापासून लवचिक वगैरे होते, असं मुळीच समजू नका हं!

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी कंबर अशी धरली, की वाकून केर काढणंही होईना. शेजारच्या वहिनींनी मला एका वर्गाला नेलं. तिथले सर आकडे मोजत आणि आम्ही वाकायचं. माझी बोटं काही पायांना टेकेनात. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "भात कमी खा, बाई!" सगळ्या हसल्या. मी इरेला पेटून वाकले आणि चार दिवस अंथरुणाला खिळले. योग आपल्यासाठी नाही, असं तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढे मे महिन्यात पुण्याची धाकटी बहीण आली. ती तिथल्या रमामणी अय्यंगार स्मारक संस्थेत शिकत होती. तिनं माझ्यापुढे खुर्ची ठेवली. "जमिनीपर्यंत जायचंय कशाला, ताई? हात इथे टेक." मी टेकले. पाठ सरळ लांब झाली आणि कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. खरं सांगते, डोळ्यांत पाणीच आलं.

तिच्याकडूनच बी. के. एस. अय्यंगारांची गोष्ट कळली. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी पोखरलेला हा मुलगा 1937 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, पुण्याला शिकवायला आला. मराठी येत नव्हतं. पुढे त्यांनीच दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या आसनांच्या मदतीला आणल्या. आजारी आणि म्हाताऱ्या माणसालाही आसन जमावं म्हणून. पत्नी रमामणी 1973 साली गेल्या. त्यांच्याच नावानं 1975 साली संस्था उभी राहिली. थोरली मुलगी गीता. नवव्या वर्षाच्या सुमारास तिला मूत्रपिंडाचा आजार जडला. औषधांचा खर्च घराला पेलणारा नव्हता. वडिलांनी तिला आसनांना लावलं. हीच मुलगी पुढे हजारोंची गुरू झाली. बायकांच्या शरीराचा, पाळीचा, बाळंतपणाचा विचार करून तिनं लिहिलेलं 'योगा: अ जेम फॉर विमेन' हे पुस्तक 1983 साली निघालं. 2018 मध्ये गीताताई गेल्या.

बहिणीकडून शिकत, पुण्याला फेऱ्या मारत, काही वर्षांनी मीही वर्ग सुरू केला. आणि, सांगायला लाज वाटते, पण तीच चूक मीही केली.

एक काकू नव्यानंच येऊ लागल्या होत्या. अंगानं हलक्या, सांगितलं की लगेच करणाऱ्या. तिसऱ्याच दिवशी मी त्यांना सर्वांगासनात उभं केलं. थोड्याच वेळात चेहरा लालबुंद. हळूच खाली घेतलं, तर म्हणाल्या, "गरगर होते मले." दवाखान्यात रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. गोळी चालू होती म्हणे, पण तीही त्या एक दिवसाआड घेत. महिनाभर पुरावी म्हणून. घरी कुणाला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. रिक्षातून घरी येताना त्या माझा हात धरून म्हणाल्या, "माह्या सुनेले नका सांगू, बाई."

त्या रात्री मला झोप आली नाही. सरांनी मला हसून दुखवलं, मी काकूंना कौतुक करून संकटात घातलं. फरक तो काय?

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले, तासभर बसले. शेवटी त्यांनीच सुनेला हाक मारून सगळं सांगितलं. सून बिचारी रडायलाच लागली. आता गोळ्या तीच आणते.

तेव्हापासून नवी बाई आली की पहिला दिवस फक्त बोलायचा, तोही एकटीशी. रक्तदाब आहे का, पोटाचं ऑपरेशन झालंय का, दिवस गेलेत का, पाळी सुरू आहे का? पाळीच्या दिवसांत उलटी आसनं बंद. लोडावर पाठ टेकून, तळपाय जुळवून नुसतं पडायचं. रक्तदाब असेल तर डोकं खाली नाही, श्वास कोंडणं नाही आणि डॉक्टरांची गोळी योगासाठी सोडायची नाही. गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. खुर्ची, भिंत, घडी केलेली चादर एवढं सामान पुष्कळ झालं.

आणि घाई नको. आमच्या नालवाडीत 1932 पासून विनोबा राहत. प्रकृती फार ढासळली, तेव्हा 1938 साली ते पवनारला गेले. तिथे रोज शेत खणायला लागले. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग रोज जरा जरा वाढवत. हे मी वर्गात नेहमी सांगते.

काकू आजही येतात. भिंतीपाशी, खुर्चीवर पाय ठेवून पडतात. परवा एक नवी मुलगी आली, तर मी काही बोलायच्या आधी काकूच तिला म्हणाल्या, "पोरी, लपवू नको काही. बाई कोणाले सांगत नाहीत."