विजापूरचे दोन घुमट

सोलापूरला नणंदेच्या मुलाचा निकाह आटोपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विजापूरची एसटी धरली. खरं तर दापोलीला परतायची घाई होती, पण लेकीने हट्ट धरला. बारावीनंतर तिला कलामहाविद्यालयात जायचं आहे. लग्नघरात ही गोष्ट निघताच तिच्या फुफांनी सर्वांदेखत विचारलं, "चित्रं काढून पोट भरतं का? आणि आपल्यात चित्रं काढतात का?" लेक गप्प राहिली. तिचे अब्बाही गप्प राहिले. मला त्यांचं गप्प राहणंच जास्त लागलं.

विजापूरला आता विजयपुरा म्हणतात. आधी गोल घुमट. १६५६ साली वारलेल्या मोहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे १४४ फूट. बांधणाऱ्याचं नाव याकूत दाभोळी असं सांगतात. दाभोळ म्हणजे आमच्याच तालुक्यातलं बंदर! हे ऐकून ह्यांची मान जरा ताठ झाली.

लेक मात्र वही उघडून बसून राहिली. "अम्मी, याला रेषाच नाहीत." चित्रकलेच्या सरांनी रेषा, आकार, पोत, छायाप्रकाश, अवकाश ही मूलतत्त्वं पाठ करून घेतली होती; आता ती समोर दिसेनात. मीही पाहू लागले. खरंच, एक चौकोनी ठोकळा, त्यावर अर्धा गोल, चार कोपऱ्यांना सातमजली अष्टकोनी मनोरे. भिंतीवर नक्षी जवळजवळ नाहीच. सगळी मदार आकारावर. आत गेल्यावर अवकाश म्हणजे काय ते कळलं. एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी वर जाता जाता चौकोनाचा अष्टकोन करतात आणि त्यावर घुमट बसतो. वरच्या सज्जात कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते म्हणतात. आम्हाला ऐकू आल्या त्या शाळेच्या सहलीच्या शिट्ट्या. कबरीच्या ठिकाणी हे बरं वाटलं नाही.

जोहरनंतर रिक्षाने शहराच्या पश्चिमेला, तटाबाहेरच्या इब्राहिम रौझ्याला गेलो. मोहम्मदचे वालिद, दुसरे इब्राहिम आदिलशहा, १६२७ साली वारले. त्यांची ही कबर. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे हौद. इथे लेकीची पेन्सिल थांबेना. सगळी रेषाच! कबरीच्या भिंतींवर दगडात कोरलेली अक्षरं आहेत. खिडक्यांची जाळीसुद्धा अक्षरांचीच. अक्षरांच्या मधला दगड काढून टाकलेला, तिथून उजेड आत येतो. वाचता न येणाऱ्यालाही त्या वळणांवरून नजर काढवत नाही. हात लावला तर बोटांना पोत कळतो, पण लावू नये; मी लावला आणि रखवालदाराचं ऐकून घेतलं.

फुफांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच होतं. या इब्राहिमच्या दरबारात चित्रकार होते आणि त्यांनी काढलेली बादशहाची चित्रं आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. कबरीवर मात्र कुणाचं चित्र नाही. तिथे कलावंताने आपलं सगळं कसब अक्षरांत आणि वेलबुट्टीत ओतलं. कुठे काय काढायचं आणि काय नाही, हे ठरवल्यावरच त्याचा हात असा चालला असेल.

मला मोठा प्रश्न पडला तो वेगळाच. वालिदांची कबर अशी नाजूक, बेट्याची अशी भरभक्कम. मग दोन्हींना एकाच शैलीच्या का म्हणतात? मी लेकीला विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, नुसतं बोट दाखवलं. घुमट जिथे सुरू होतो तिथे दगडी पाकळ्यांची ओळ होती. घुमट जणू कळीतून वर आलेला. तशीच ओळ सकाळी गोल घुमटाच्या तळाशी होती. मी पाहिली होती, पण माझ्या ध्यानात आली नव्हती. भिंतीच्या माथ्यावर पुढे झुकलेलं छज्जं आणि त्याखालच्या घोड्यांची रांगही दोन्हीकडे. नक्षी कमीजास्त झाली, माप कितीतरी पट वाढलं, पण घराण्याची ही खूण सुटली नाही. आमच्या सासरी सगळ्यांच्या हनुवटीवर खळी आहे, तसं काहीसं.

परतीच्या एसटीत ह्यांनी लेकीची वही मागून घेतली. शेवटच्या पानावर फक्त पाकळ्यांची ओळ होती, वर थोडी गोलाई.

"हा कुठला घुमट?"

"दोन्हींचा, अब्बा."

ह्यांनी पान बराच वेळ बघितलं. सोलापूरचे दिवे दिसू लागले तेव्हा विचारलं, "ती सीईटी म्हणतेस, तिचा फॉर्म कधी भरायचा असतो?"