पंगत आणि पंक्तिभेद



दिवसभराचे काम आटोपून, रात्रीच्या जेवणानंतर तुम्ही ही पुस्तिका उघडली असेल, तर आज तुमच्या ताटात काय होते ते क्षणभर आठवा. तुम्ही आमच्या बीड जिल्ह्यातले असाल, तर बहुधा ज्वारीची भाकरी असेल. ही भाकरी आपण इतकी आपली मानतो, की तिलाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. पण ज्वारीची पहिली लागवड झाली ती ईशान्य आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या परिसरात. बाजरी पश्चिम आफ्रिकेतून आली, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आणि चवळीही आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये आपल्याकडे पोहोचली आणि इथल्या मातीत रुजली. फार नंतर त्याच दिशेने माणसेही आली. पण ती सगळी स्वेच्छेने आली नाहीत. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने खडकी हे नगर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याची कबर खुलताबादला आहे. तेव्हा कृष्णवर्णीयांचा इतिहास हा सातासमुद्रापलीकडचा विषय आहे, असे म्हणण्याआधी आपण आपल्या ताटाकडे पाहावे.

अमेरिकेत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे स्मरण म्हणून साजरा होतो. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये त्यासाठी एक आठवडा ठरवला. पुढे १९७६ पासून त्याचा महिना झाला. वुडसन यांनी फेब्रुवारी निवडला, कारण १२ तारखेला लिंकन यांची जयंती येते आणि १४ तारखेला फ्रेडरिक डग्लस यांची. डग्लस यांची ही तारीख त्यांनी स्वतःच मानलेली होती. ते गुलामगिरीत जन्मले आणि गुलामांच्या जन्माची नोंद ठेवण्याची गरज मालकांना वाटत नसे. आपल्याकडेही असा एक आठवडा आहे. ११ एप्रिलला महात्मा फुले आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे साम्य योगायोगाचे असले, तरी दोन्ही इतिहासांचे नाते योगायोगाचे नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत काही तरुण लेखकांनी संघटना काढली, तेव्हा तिचे ‘दलित पँथर’ हे नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरूनच घेतले.

त्या फेब्रुवारीत व्याख्याने होतात, तशीच जेवणेही होतात. चर्चच्या सभागृहात लांब टेबले मांडतात, घरोघरचे पदार्थ येतात, गाणी होतात. त्या पदार्थांत भेंडी असते, चवळी असते, डुकराचे पाय आणि आतडी असतात. मालकाच्या घरी चांगले मांस राहिले आणि गुलामांच्या वाट्याला उरलेसुरले आले. त्या उरल्यासुरल्यातून त्यांच्या बायकांनी एक पाककला घडवली. १९६०च्या दशकात तिला ‘सोल फूड’, म्हणजे आत्म्याचे अन्न, हे नाव रूढ झाले. एके काळी ज्याची लाज वाटायला लावली गेली, त्यालाच अभिमानाचे नाव मिळाले. भाषेच्या अभ्यासकाला ही घटना लहान वाटत नाही.

मीही भाषेचीच अभ्यासक. म्हणून आता माझी एक गोष्ट सांगते. ती सांगणे मला सोपे नाही.

शाळेत माझी एक जिवलग मैत्रीण होती. वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. ती आमच्या घरी अभ्यासाला येई. ओसरीच्या देवळीत एक कपबशी पालथी घातलेली असे. चहा तिला त्यातच मिळे. पिऊन झाल्यावर ती कपबशी विसळून, पुन्हा पालथी घालून ठेवी. हे तिला कोणी शिकवले होते, मला माहीत नाही. मला एवढेच माहीत आहे, की मी रोज पाहत होते आणि मला त्यात काही दिसत नव्हते.

पुढे भाषाशास्त्रात पीएच.डी. करताना मराठवाडी बोलीतील स्वयंपाकघराचे शब्द मी गोळा करू लागले. मैत्रिणीच्या आईकडे, मावशीकडे, वही घेऊन गेले. मावशी ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी शब्दांमागून शब्द दिले. येसूर, शेंगोळे, धपाटे सांगून झाले. मग वजडी, रकती, आणि चान्या. चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवून ठेवलेले साठवणीचे मांस. मी भराभर लिहीत होते. मावशी मधेच थांबल्या.

“लिहून घ्यायलीस बाई सगळं. पर खाशील का?”

मी म्हणाले, “आज माझा गुरुवार आहे, मावशी.” त्या दिवशी गुरुवार होता, एवढे खरे. पण मी गुरुवार कधीच धरत नव्हते.

मावशींनी माझ्याकडे पाहिले. “बरं. लिही,” एवढेच म्हणाल्या आणि सूप हलवू लागल्या.

माझ्या प्रबंधात येसूर आला, शेंगोळे आले, धपाटे आले. वजडी, रकती आणि चान्या आले नाहीत. मार्गदर्शकांना मी सांगितले, की या शब्दांना पुरेसा पुरावा नाही. पुरावा माझ्या वहीत होता. नव्हते ते धैर्य. पदवी मिळाली, नोकरी मिळाली आणि ही वही कपाटाच्या तळाशी गेली.

ती मी पुन्हा उघडली ती शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे २०१५ मध्ये आलेले पुस्तक वाचल्यावर. मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकघरातले पदार्थ त्यांनी कृतींसह, कसलीही क्षमायाचना न करता मांडले आहेत. जेवणाआधीच्या श्लोकात अन्नाला जे ‘पूर्ण’ म्हटले जाते, त्यालाच शीर्षकाने प्रश्न केला आहे. अन्न जर पूर्णब्रह्म, तर काही माणसांचे अन्न त्याबाहेर का?

पुढच्या १४ एप्रिलला मी मैत्रिणीच्या घरी गेले. मावशी तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. वस्तीत निळे झेंडे लागले होते, कर्ण्यावर भीमगीते चालू होती, खीर-पुरीची पंगत बसली होती. शेजारच्या एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणू लागल्या, बाबासाहेबांच्या. याच जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये अशाच ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या मोठ्या कामाचा हा भाग. डग्लस यांनी १८४५ मधील आत्मकथनात लिहिले आहे, की गुलामांची गाणी ऐकून लोकांना ते सुखी वाटत. वास्तविक ती दुःखाची गाणी होती. जात्यावरच्या ओवीलाही आपण असेच पुष्कळदा नुसते गोड मानले. दळणाऱ्या बाईचा हात दुखत होता, हे विसरलो.

जेवताना मी मैत्रिणीला हळूच चान्यांविषयी विचारले. मनात होते, की आता तरी ते ऋण फेडावे. ती हसली नाही.

“तुला आत्ता आठवलं होय? आम्ही कवाच सोडलं ते. आई काही आवड म्हणून करत नव्हती. होतं ते शिजवत होती.”

मला गप्प बसावे लागले. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. अनेक घरांनी ते सोडले आणि त्या सोडण्याचाही एक ताठ इतिहास आहे. मी मात्र माझ्या पश्चात्तापासाठी तिच्या चुलीवर तिची गरिबी पुन्हा शिजवायला सांगत होते. पदार्थ मिरवायचा की विसरायचा, हे ज्याच्या घरचा तो पदार्थ, त्याने ठरवायचे. मी तो शब्द वहीतून गाळला, तेही चूक होते. आणि आता तो ताटात मागितला, तेही चूकच होते.

“येसूर मात्र आईच्याच हातचा हाय म्हण. तसाच करते मी,” असे म्हणत तिने कालवण वाढले. मी पोटभर जेवले. जेवण झाल्यावर माझे ताट उचलून मी मोरीकडे निघाले. तिने माझा हात धरला.

“राहू दे. आमच्याकडं पाहुण्यानं विसळायचं नसतं.”

ती सहजच म्हणाली असेल. देवळीतली ती पालथी कपबशी मला मात्र त्या क्षणी प्रथमच दिसली.

मित्रहो, ‘पंगत’ हा शब्द ‘पंक्ती’वरून आला आणि ‘पंक्तिभेद’ही त्याच शब्दातून घडला. एकत्र बसवणारा आणि वेगळे काढणारा, असे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. म्हणून केवळ एका पंगतीला बसल्याने भेद संपत नाही. पाहुण्याला आपल्या ताटात वाढणे सोपे असते. त्याच्या घरी, त्याने वाढलेले, त्याच्या अटींवर जेवणे अवघड असते. सहभोजनाची खरी कसोटी तिथे लागते. अमेरिकेतल्या त्या लांब टेबलांवर काय असते? ज्यांचे अन्न हिणवले गेले, तेच तिथे यजमान असतात. हा इतिहास साजरा करायचा, तर यजमान कोण आहे, हे आधी विचारावे लागते.

या घटकाच्या शेवटी नेहमीप्रमाणे स्वाध्याय आहे. आपल्या परिसरातील अन्नविषयक दहा शब्द जमवा. सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घ्या. कोणता शब्द लिहायचा आणि कोणता नाही, हे तिला ठरवू द्या. माझी एक विनंती मात्र गुणांसाठी नाही. कोणी विचारले, “खाशील का?” तर वार आठवू नका. वही मिटा आणि बसा.