माजघरातले अंगण

नवतपा सुरू झाला की सौंसरचे रस्ते सकाळी दहाच्या पुढे ओस पडू लागतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो त्या 25 मेच्या सुमारापासूनचे हे नऊ दिवस. पण खरे सांगायचे तर एप्रिलपासूनच पारा चाळिशी ओलांडू लागतो आणि लहान मुलांचे अंगण हिरावले जाते. पुढे झड लागली की पुन्हा तेच. वर्षातले तीन-चार महिने तरी आपल्याकडचे तीन-चार वर्षांचे मूल भर दिवसा घरातच असते. हे काही आजचे नव्हे, आमच्या आज्यांच्या काळीही असेच होते. मात्र त्या काळचे घरच मुलाला स्वस्थ बसू देत नसे.

जुनी कवेलूची घरे डोळ्यांपुढे आणावीत. सपरीतून माजघरात जायचे तर उंबरठा, माजघरातून स्वयंपाकघरात जायचे तर आणखी एक उंबरठा. रांगणारे मूल दिवसातून वीस वेळा ते चढे आणि उतरे. माळ्यावर जाणारी शिडी, कोपऱ्यातले जाते, सपरीतली बंगई. बंगईवर पालथे पडून पायांनी जमीन रेटीत राहण्यात आमच्या पिढीने किती दुपारी घालविल्या, त्याचा हिशेब नाही. आणि खांब! सागवानी खांब होते म्हणून खांबखांबोळी होती. चार खांबांना चार गडी, पाचवा मध्ये. खांब बदलताना मधल्याने रिकामा खांब गाठायचा, ज्याचा खांब गेला त्याच्यावर डाव. साहित्य काही नाही, पंच नाही, आणि दहा मिनिटांत कपाळावर घाम.

स्लॅबच्या घरात खांब भिंतींत गडप झाले, म्हणून हा खेळ संपला असे मानण्याचे कारण नाही. दाराच्या दोन चौकटी, एक कपाट आणि पलंगाचा एक कोपरा एवढ्यावर तो उत्तम चालतो, हे आम्ही आमच्या नातवंडांबरोबर पाहिले आहे. साखरेचे पोते, बेडूकउडी, लंगडी, आंधळी कोशिंबीर यांनाही दहा फुटांची खोली पुरते. फुगडी तर दोन फरश्यांवर होते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसत तेव्हा पोरींच्या टिपऱ्यांनी आणि फुगड्यांनी माजघर दणाणून जाई. मुलगे दारात उभे राहून खिरापतीची वाट पाहत. त्यांना आत घ्यायला काय हरकत होती, ते आम्हाला आजही उमगत नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचेही तसेच. एक दिवस मिरवून तो कपाटावर का चढावा? दोरी धरून घरभर बैल ओढणारे दोन वर्षांचे पोर ओढते, वळते, मागे पाहत चालते. त्याच्या वयाला याहून चांगला व्यायाम कोणता?

पांगुळगाड्याबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. तीन चाकांचा तो लाकडी गाडा मूल मागून ढकलते. उभे त्याला स्वतःच राहावे लागते, तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या, मुलाला आत बसवायच्या वॉकरमध्ये नेमके उलटे घडते. मूल लोंबकळते आणि बोटांच्या टोकांनी स्वतःला रेटते. चालणे त्यामुळे लवकर येत नाही, पायऱ्यांवरून कोसळण्याचे भय मात्र वाढते. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरवर बंदीच घातली. आपल्या सुताराकडे पांगुळगाडा सांगावा. नातू मोठा झाला की तो पुतण्याच्या घरी जाईल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जे मार्गदर्शन केले, त्यात एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी 180 मिनिटे हालचाल करावी असे म्हटले आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यातली निदान 60 मिनिटे दम लागेल अशी असावीत. दोन वर्षांखाली पडदा मुळीच नको आणि पुढे चार वर्षांपर्यंत तासाभराहून अधिक नको, असेही तेथे सांगितले आहे. 180 हा आकडा वाचून सुना घाबरतात. परंतु हे तीन तास सलग नव्हेत. पाच मिनिटे पाठीवर, दहा मिनिटे बंगईवर, पापड वाळवायला गच्चीवर नेताना चार फेऱ्या, असे ते जमतात. मारिया मॉन्टेसोरी मुलांना जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालवीत. आपल्याकडे रांगोळीची रेघ आहे. हातात पाण्याने भरलेला पेला दिला की अत्यंत द्वाड पोरही पाच मिनिटे श्वास रोखून चालते. (पाणी सांडले तर लगेच पुसावे, आणि ओल्या हातांनी कूलरला मुलाने शिवू नये, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे.)

आमची खरी चिंता मात्र केवळ हातापायांची नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याबरोबर आपले सौंसर मध्य प्रदेशात राहिले. पुढे 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण कचेरी, बाजार आणि बहुतेकांची शाळा हिंदीचीच. मराठी उरली ती घरात, आणि घरात ती मुलाच्या कानी सर्वांत अधिक पडे ती खेळताना. गडी कसे पाडायचे, डाव कोणावर, लंगडीत पाय टेकला की नाही, ही सारी भांडणे मराठीत होत. हातात मोबाइल घेऊन पलंगावर पडलेले मूल हालत नाही तसे बोलतही नाही. आणि त्या पडद्यातून जे ऐकते ते आपल्या बोलीतले नसते. व्याकरणाचे पुस्तक चार वर्षांच्या मुलापुढे कोण ठेवणार? त्याला 'उकिडवा बस', 'पाठकुळी ये', 'गिरकी घे' हे शब्द अंगानेच कळतात. हे शब्द आमच्या नातवाला गेल्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. आता तो "आबाजी, डाव किस पर है?" असे विचारतो. अर्धी का होईना, वाट सापडली आहे.

शेजारच्या हिंदी घरातली दोन मुलेही हल्ली दुपारी येतात. ती 'खांब' म्हणतात, 'खंभा' नव्हे. खाली राहणाऱ्या भाडेकरूंनी धडधडाटाची तक्रार केल्यामुळे दोन ते चार ही त्यांच्या झोपेची वेळ आम्ही रांगोळीच्या रेघेसाठी राखून ठेवली आहे.