छपरावरचे ऊन आणि मीटरवरचा आकडा

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावातील आमच्या घराचा मूळ इमला जांभ्या चिऱ्यांचा. फूट-सव्वा फूट जाडीच्या भिंती, पुढे ओटी, बाजूंना पडवी आणि वर मंगलोरी कौले, असा त्याचा घाट होता. पुढे छपराची लाकडे वाळवीने पोखरली आणि दरसालच्या शाकारणीला माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा वडिलांनी कौले उतरवून त्याच भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब घातला. पावसाळ्याची चिंता त्याने मिटवली. मात्र चैत्र-वैशाखात सूर्यास्तानंतर अंगणात गार वारा सुटला असताही घरात निजलेल्या माणसाच्या अंगावर मध्यरात्रीपर्यंत छतातून ऊब उतरत राही. साहजिकच एका उन्हाळ्यात मुलाने विषय काढला, "बाबा, आता एसी घेऊनच टाकू." मी त्याला एवढेच म्हटले, की यंत्र आणण्यापूर्वी ही उष्णता कोठून येते आणि आपली वीज कोठे जाते, याची तपशीलवार चौकशी आपण आधी करू.

त्या चौकशीतून पहिली बाब निघाली ती छपराची. भर उन्हाळ्यात माध्यान्ही आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. म्हणजे साठ चौरस मीटरच्या स्लॅबवर साठ किलोवॅट. घरगुती वापराचा दीड टनी एसी खोलीतून सुमारे पाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, हे लक्षात घेतले, की उघड्या छपराखाली असे यंत्र चालवणे किती विषम झुंज आहे, ते ध्यानी येते. स्लॅबवर पडलेली सगळीच उष्णता आत येते असे नाही. पण काँक्रीट दिवसभर ती शोषून घेते आणि रात्री सावकाश सोडते. कौलांचे तसे नव्हते. ती पातळ असल्याने संध्याकाळी लवकर निवत, त्यांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाई, आणि मधला माळा खालच्या खोल्यांना आडोसा देई.

वडिलांनी उतरवलेली कौले परसात रचून ठेवलेली होती. त्यांचाच उपयोग करण्याची तजवीज आम्ही केली. स्लॅब प्रथम पांढऱ्या चुन्याने रंगवला आणि त्यावर माणूस उभा राहील एवढ्या उंचीवर लोखंडी सांगाडा उभारून ती कौले चढवली. कामावरच्या गवंड्याने त्या वेळी मोलाची सूचना केली, "काका, चारी बाजू मोकळ्या सोडा, हवा कोंडलीत तर वरचं ऊन खाली उतरलंच म्हणून समजा." पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतरचे ऊन थेट लागत असे, तेथे पडवी पुढे वाढवून नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले. पुढल्या वैशाखात रात्री स्टुलावर चढून मी छताला हात लावला, तेव्हा ते भिंतीहून वेगळे तापलेले जाणवले नाही. एसीचा विषय त्यानंतर घरात कोणी काढला नाही. निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने केलेल्या २०१८ सालच्या इको निवास संहितेत छपरातून उतरणाऱ्या उष्णतेला भिंतींपासून वेगळी मर्यादा घालून दिलेली आहे, त्यामागचे कारण मला त्या रात्री प्रत्यक्ष कळले.

दुसरी बाब स्वयंपाकघराची. आमच्या आईच्या चुलीला वैल असे. मुख्य आचेवर भात रटरटत असताना तिकडून निसटणारी उष्णता वैलावरच्या डाळीला किंवा पाण्याच्या तपेलीला मिळे, आणि भाताला कढ आला, की आई लाकडे मागे ओढून झाकण घाली. गॅसच्या शेगडीला वैल नाही; म्हणून ती दक्षता आता शेगडी वापरणाऱ्यानेच घ्यावी लागते. पाणी एकदा उकळू लागले, की आच कितीही वाढवली तरी ते अधिक तापत नाही. वाढीव उष्णता केवळ वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट ते सगळे पाणी वाफ होऊन जाण्यास लागते. झाकणावाचून उकळणारे पातेले म्हणूनच इंधनाचा अपव्यय तर करतेच, शिवाय ती वाफ खोलीत पसरून आधीच दमट असलेली कोकणातली हवा अधिक असह्य करते. सूनबाईंनी हा नियम मनावर घेतला: उकळी आली की आच मंद, भांड्यावर झाकण, डाळ-तांदूळ आधी भिजवलेले. शेगडीशेजारी भिंतीला टेकलेला फ्रिजही हलवून मागे हवा खेळेल अशा जागी नेला. वाफ वाया न घालवण्याच्या याच तत्त्वावर पुण्याच्या 'आरती' या संस्थेने विकसित केलेल्या 'सराई' कुकरमध्ये थोड्याशा कांडी कोळशावर, कोंडलेल्या वाफेत, एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो.

तिसरी बाब विजेच्या उपकरणांची. पंखा हवा थंड करीत नाही, तो अंगावरचा घाम सुकवतो. तेव्हा रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याचा कोणालाच लाभ नसतो. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेई, नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास घेतो. दिवसाला दहा तास धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १६४ युनिटे वाचतात. दहा वॅटचा सेट-टॉप बॉक्स अहोरात्र चालू राहिला, तर वर्षाकाठी सुमारे ८८ युनिटे खातो. म्हणून आता रात्री त्याचे बटण भिंतीवरच बंद होते.

हे सारे केवळ बिलासाठी केले असते, तरी ते योग्यच ठरले असते. परंतु आमच्या जिल्ह्यातील माणसाला याहून मोठे कारण आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून चिपळूण तालुक्यातील पोफळीला वीज निर्माण केली जाते. त्या धरणाखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्यापैकी अनेकांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी साठ वर्षांनंतरही निकाली निघालेल्या नाहीत. आमच्याच तालुक्यातील जयगडला १२०० मेगावॅटचे केंद्र समुद्रमार्गे आलेल्या कोळशावर चालते. अशा केंद्रात कोळशातील उष्णतेचा साधारणपणे तिसरा हिस्साच काय तो विजेत रूपांतरित होतो. उरलेली हवेत व पाण्यात जाते. म्हणजे घरात एक युनिट वाया गेले, तर केंद्रावर तीन युनिटांइतकी उष्णता व्यर्थ जळालेली असते. ज्या जिल्ह्याने वीज निर्माण होताना पाहिली आहे आणि तिची किंमतही जवळून पाहिली आहे, त्याने तिचा अनादर करू नये, अशी माझी मनोमन भावना आहे.

औद्योगिक वसाहत आणि वाढते शहर यांमुळे मिरजोळ्यात आज नवी घरे झपाट्याने उभी राहत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांवर उघडा स्लॅब आहे. स्लॅब घालू नये असे मी म्हणणार नाही. शाकारणीच्या अडचणी मला ठाऊक आहेत. परंतु घराचा नकाशा मंजुरीला देण्यापूर्वीच स्लॅबवरच्या, चारी बाजूंनी मोकळ्या अशा दुसऱ्या छपराची, पश्चिमेच्या पडवीची आणि समोरासमोरच्या खिडक्यांची आखणी त्यात व्हावी, आणि अंदाजपत्रकात यंत्रांच्या आधी त्यांच्या खर्चाची रक्कम राखून ठेवावी, एवढी माझी गावकऱ्यांना कळकळीची विनंती आहे. सावली एकदाच विकत घ्यावी लागते. थंड हवेचे बिल मात्र दर महिन्याला येते.